पेंडीतले विष : काय निघते, काय निघत नाही

पेंडीविषयीची पत्रे बरीच साठली होती, म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पुण्यात आणि भोवतालच्या तालुक्यांत लाकडी घाणे पुन्हा फिरू लागल्यापासून तऱ्हेतऱ्हेची पेंड थोड्या-थोड्या प्रमाणात सहज मिळू लागली आहे, आणि ‘भिजवून, शिजवून किंवा उन्हात वाळवून दिली तर चालेल ना?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. त्याला सर्व पेंडींसाठी एकच उत्तर नाही, कारण एका पेंडीतले विष उष्णतेने मोडते, दुसरीतले तेलाबरोबर निघून जाते, तिसरीतले पाणी लागताच जागे होते आणि चौथीतले उकळूनही तसेच राहते. शिवाय खाणारे जनावर रवंथ करणारे आहे की नाही, यावर निम्मे उत्तर अवलंबून असते.

प्रश्न : आमच्याकडे संकरित गाई आहेत. त्यांना सरकी पेंड रात्रभर भिजवून आंबोणात देतो. भिजवल्याने तिच्यातले विष पाण्यात उतरते, असे दुकानदार सांगतात. तसे असेल, तर तीच पेंड तीन महिन्यांच्या वासरांना द्यावी का?
— एक दूध उत्पादक, दौंड तालुका

उत्तर : वासरांना देऊ नये, आणि भिजवल्याने विष उतरते, ही समजूत सोडून द्यावी. सरकीतल्या विषाचे नाव गॉसिपॉल. सरकीचा दाणा मधोमध चिरून पाहिला तर गरावर बारीक काळसर ठिपके दिसतात. त्या ग्रंथींमध्ये हे पिवळे द्रव्य साठलेले असते आणि किडीला दूर ठेवणे हे त्याचे कपाशीसाठीचे काम असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे रात्रभर भिजवलेल्या पेंडीत ते जिथल्या तिथे राहते. भिजवल्याने पेंड मऊ होते आणि गाय ती आवडीने खाते, एवढाच फायदा असतो. उन्हाळ्याच्या दिवसांत मात्र ती सकाळपर्यंत आंबूस होते आणि घमेल्याच्या कडांना चिकटून राहिलेल्या थरावर बुरशी धरते, म्हणून भिजवायचीच असेल तर दोन-तीन तास पुरेत.

मोठ्या गाईला ही पेंड का बाधत नाही, हे समजून घेतले की वासराचा प्रश्न आपोआप सुटतो. गॉसिपॉल दोन रूपांत असते. मोकळे गॉसिपॉल शरीरात शोषले जाते आणि अपाय करते. प्रथिनाशी जखडलेले गॉसिपॉल बहुतांशी शेणावाटे निघून जाते. मोठ्या गाई-म्हशींच्या कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, मोकळे गॉसिपॉल तिथल्या प्रथिनांशी जखडले जाते, म्हणून दिवसाला दोन-तीन किलो सरकी पेंड खाऊनही दुभती गाय ठणठणीत राहते. वासराचे कोठीपोट अजून पुरते चालू झालेले नसते. त्याच्या बाबतीत हे विष थेट रक्तात जाते, आठवड्यांमागून आठवडे साचत राहते आणि हृदयाच्या स्नायूंवर घाला घालते. वासरू वरवर बरे दिसत असते, थोडे हळू वाढते, मग धाप लागते, आणि एके दिवशी ते अचानक दगावते. शवविच्छेदनात छातीत व पोटात पाणी साठलेले आढळते. हा प्रकार न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक देत राहणे, ही नेहमी होणारी गफलत आहे. चार महिन्यांपर्यंत वासरांना सरकी पेंड देऊच नये आणि त्यानंतरही हळूहळू वाढवावी. पैदाशीच्या वळूलाही ती बेतानेच द्यावी, कारण गॉसिपॉलमुळे वीर्यातील शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते.

आता विष कमी कसे होते ते पाहू. ते काम खरे म्हणजे तेलगिरणीतच होते. गर शिजवून एक्सपेलरमधून, म्हणजे दाबून तेल काढणाऱ्या यंत्रातून, दाबताना ओलसर उष्णतेने ग्रंथी फुटतात आणि गॉसिपॉल प्रथिनाला चिकटते, त्यामुळे एक्सपेलरच्या पेंडीत मोकळे गॉसिपॉल साधारण 0.02 ते 0.05 टक्के एवढेच उरते. न दाबता थेट सॉल्व्हंटने (तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवाने) तेल काढलेल्या पेंडीत ते 0.1 ते 0.5 टक्क्यांपर्यंत राहू शकते. परंतु या उपायाची किंमत मोजावी लागते, ती अशी, की गॉसिपॉल ज्या प्रथिनाला चिकटते त्यातले लायसिन हे अमिनो आम्ल त्याच्याबरोबर अडकून पडते. म्हणजे विष कमी झाले तरी प्रथिनाचा कसही उतरतो. गाईला त्याचे फारसे सोयरसुतक नसते, कारण कोठीपोटातले सूक्ष्मजीव तिला नवे प्रथिन तयार करून देतात. कोंबडीला आणि डुकराला मात्र वरून लायसिन पुरवावे लागते.

विषयाला धरून आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ग्रंथीच नसलेली कपाशी पूर्वी तयार झाली होती, पण झाड बिनविषारी झाल्यावर किडींनी तिचा फडशा पाडला. पुढे अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डॉ. कीर्ती राठोड यांच्या गटाने पानांत गॉसिपॉल तसेच ठेवून फक्त सरकीतले जवळजवळ घालवणारे वाण तयार केले. त्याला तिथे 2018 मध्ये लागवडीची आणि 2019 मध्ये खाद्य म्हणून वापराची मंजुरी मिळाली. दौंडच्या गोठ्यात येणारी पेंड त्या वाणाची नव्हे, एवढे लक्षात असावे.

प्रश्न : माझी अंडी देणाऱ्या कोंबड्यांची छोटी शेड आहे. खाद्याचा खर्च कमी व्हावा म्हणून सोया पेंडीऐवजी काही भाग सरकी पेंड घातली. अंडी ताजी असताना ठीक असतात, पण आठ-पंधरा दिवसांनी गिऱ्हाईक तक्रार करते, की बलक हिरवट निघाला. हिराकस (लोहाचे सल्फेट) घालावा असे एकाने सुचवले. ते योग्य आहे का?
— एक कुक्कुटपालक, शिरूर तालुका

उत्तर : सुचवणाऱ्याला विषयाची माहिती आहे. कोंबडीने खाल्लेले मोकळे गॉसिपॉल बलकात उतरते आणि साठवणुकीत बलकातल्या लोहाशी त्याचा संयोग होऊन रंग हिरवट-तपकिरी होतो. हाच संयोग अंड्यात होण्याऐवजी आधी खाद्यात आणि आतड्यात घडवून आणायचा, हे हिराकशीमागचे तत्त्व आहे. लोहाशी बांधले गेलेले गॉसिपॉल शोषले जात नाही.

प्रमाण मात्र हिशेबाने ठरवावे लागते. मांसल पक्ष्यांच्या खाद्यात मोकळ्या गॉसिपॉलच्या वजनाइतके लोह पुरते. अंड्यांवरील पक्ष्यांसाठी ते चौपटीपर्यंत न्यावे लागते. बाजारातल्या स्फटिकी हिराकशीत लोह सुमारे 20 टक्के असते. तुमच्या पेंडीत मोकळे गॉसिपॉल 0.05 टक्के आहे आणि खाद्यात ती 10 टक्के घातली आहे, असे धरू. मग एक किलो खाद्यात 50 मिलिग्रॅम गॉसिपॉल आले. त्याला चौपट म्हणजे 200 मिलिग्रॅम लोह, आणि तेवढ्यासाठी 1 ग्रॅम हिराकस लागेल. टनाला एक किलो झाला. तो बारीक दळून आधी थोड्या भरड्यात मिसळावा आणि मग ते मिश्रण सगळ्या खाद्यात कालवावे, नाहीतर एका कोंबडीच्या वाट्याला खडा येतो आणि दुसरीच्या वाट्याला काहीच येत नाही. किलोमागे 50 मिलिग्रॅम ही अंड्यांवरील पक्ष्यांसाठी हिराकशीशिवाय चालणारी जवळजवळ शेवटची मर्यादा आहे, हेही ध्यानात घ्यावे. शेतीसाठी विकला जाणारा हिराकस न वापरता पशुखाद्याच्या प्रतीचाच घ्यावा, कारण आधीच्यात जड धातू किती आहेत हे कोणी तपासलेले नसते.

अंड्याच्या पांढऱ्यावर गुलाबी झाक येत असेल, तर तो दोष वेगळा आहे. सरकीच्या तेलातील काही विशिष्ट मेदाम्लांमुळे तो येतो आणि हिराकशीने जात नाही. पेंडीत तेल जितके कमी, तितका हा दोष कमी. माझे मत विचाराल, तर अंडी विकणाऱ्याने सरकी पेंडीच्या वाटेला जाऊच नये. पोत्यामागे वाचलेले पैसे एका नाराज गिऱ्हाइकात जातात.

प्रश्न : घाण्यावरची शेंगदाणा पेंड आम्ही गाईंना देतो. डेअरीने आमच्या दुधात अफ्लाटॉक्सिन जास्त असल्याचे कळवले. पेंडीला वासही येत नाही. ती उकळून किंवा कडक उन्हात वाळवून दिली, तर दोष जाईल का?
— एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : जाणार नाही. हे विष शेंगदाण्याचे स्वतःचे नव्हे, ते त्याच्यावर वाढणाऱ्या अस्परजिलस जातीच्या बुरशीचे आहे. आणि बुरशी मेली तरी विष मागे राहते, हीच यातली खरी अडचण आहे. उकळत्या पाण्याचे तापमान त्याला काहीच नाही. ऊन बुरशीची पुढची वाढ रोखते, पण पेंडीच्या आत मुरलेले विष काढत नाही. डोळ्याला आणि नाकाला काही न जाणवताही पेंड दूषित असू शकते. या विषाचा शोधच मुळी पेंडीतून लागला. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातील ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग गेला होता.

गाईने खाल्लेले अफ्लाटॉक्सिन बी-1 यकृतात बदलून एम-1 या रूपाने दुधात उतरते. खाल्लेल्यापैकी साधारण एक ते दोन टक्के उतरते. जास्त दूध देणाऱ्या गाईत हे प्रमाण सहा टक्क्यांपर्यंतही जाते. आपल्याकडे दुधासाठी किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे. आता हिशेब करून पाहा. किलोमागे 100 मायक्रोग्रॅम बी-1 असलेली पेंड गाईने दिवसाला तीन किलो खाल्ली, तर 300 मायक्रोग्रॅम पोटात गेले. त्याचे दोन टक्के म्हणजे 6 मायक्रोग्रॅम दुधात आले. आणि गाय 12 लिटर देत असेल, तर लिटरमागे 0.5 झाले. म्हणजे मर्यादेच्या काठावर. भारतीय मानकात गाई-म्हशींच्या मिश्र खाद्यासाठी बी-1 ची मर्यादा किलोमागे 20 मायक्रोग्रॅम ठेवली आहे, तिचा अर्थ या हिशेबावरून उलगडेल.

कारखान्याच्या पातळीवर अमोनिया वायूने, दाब आणि उष्णता देऊन, हे विष खरोखर मोडता येते, आणि परदेशांत शेंगदाणा व सरकी पेंडीवर ही प्रक्रिया झालेलीही आहे. घरी युरियाचे पाणी शिंपडून तिची नक्कल करू नये. वैरणीवर युरिया प्रक्रिया करण्याची सवय असलेल्या शेतकऱ्यांना हा मोह होतो; पण पेंडीत प्रथिन आधीच भरपूर असते, त्यात युरियाची भर पडली तर गाईलाच विषबाधा व्हायची.

तुमच्या हाती दोन मार्ग आहेत. पहिला, खाद्यात विष बांधणारी माती मिसळणे. बेंटोनाइट किंवा सोडियम-कॅल्शियम-ॲल्युमिनोसिलिकेट या नावाने ती मिळते. खुराकाच्या अर्ध्या ते एक टक्का प्रमाणात ती आतड्यात अफ्लाटॉक्सिन धरून ठेवते आणि दुधातले प्रमाण बऱ्यापैकी उतरवते, तथापि शून्यावर आणत नाही. दुसरा मार्ग अधिक भरवशाचा, आणि तो घाण्याच्या अलीकडचा आहे. अफ्लाटॉक्सिन सगळ्या दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ते सुरकुतलेल्या, काळवंडलेल्या, फुटक्या आणि कीड लागलेल्या मोजक्या दाण्यांत एकवटलेले असते. घाण्यात दाणे टाकण्यापूर्वी ते निवडून काढले, तर पेंडीतले बरेचसे विष तिथेच बाजूला होते. पण होते असे, की विकायला ठेवलेल्या शेंगदाण्यांतून निवडून काढलेले हेच दाणे तेलासाठी घाण्यात जातात, आणि तेल काढल्यावर विषाचा मोठा वाटा पेंडीत राहतो. पेंड घेताना घाणेवाल्याला दाणे कुठले होते, हे विचारावे. संकोच करू नये.

साठवणुकीबद्दल थोडक्यात : पेंडीतील ओलावा 10 टक्क्यांच्या आत हवा, पोती भिंतीपासून हातभर दूर आणि फळ्यांवर हवीत, आणि जुन्नरसारख्या पावसाच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात पंधरवड्याहून अधिक साठा करू नये. दूषित पेंड आज बंद केली, तर चार-पाच दिवसांत दूध पूर्ववत होते, तेव्हा डेअरीला नमुना त्यानंतर द्यावा.

प्रश्न : गच्चीवरच्या बागेसाठी आणलेली एरंड पेंड आमच्या कुत्र्याने खाल्ली आणि त्याला रक्ताची हगवण लागली, डॉक्टरांनी वाचवले. खत विकणाऱ्याने ती निर्धोक असल्याचे सांगितले होते. गावी आमचे नातेवाईक हीच पेंड उकळून म्हशींना द्यावी म्हणतात.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : नातेवाइकांना आजच फोन करून थांबवावे. एरंडाच्या बीतील रिसिन हे प्रथिनस्वरूपी जहाल विष तेलात जात नाही. एरंडेल पोटात घेता येते ते त्यामुळेच. सारे विष पेंडीत राहते. ते प्रथिन असल्याने उष्णतेने मोडते, हे खरे. पण पातेल्यात उकळताना ढेकळाच्या गाभ्यापर्यंत पुरेशी उष्णता पुरेसा वेळ पोचली की नाही, हे कळायला घरी काहीच साधन नसते. प्रयोगशाळेत 15 पौंड दाबाच्या वाफेत तासभर ठेवून, किंवा किलोमागे 40 ग्रॅम चुना घालून, रिसिन पूर्णपणे नष्ट झाल्याचे दिसले आहे, आणि अशी तपासलेली पेंड मेंढ्यांना खाऊ घालण्याचे प्रयोगही झाले आहेत. तरीही पेंडीतले ॲलर्जी आणणारे प्रथिन उष्णतेला सहजी दाद देत नाही आणि तिची धूळ हाताळणाऱ्या माणसाला दम्यासारखा त्रास होऊ शकतो. रिसिनवर उतारा नाही. उपचार फक्त लक्षणांवर करता येतात. ज्या पेंडीत चूक झाल्यास दुरुस्तीची संधी नाही, ती दावणीत नेऊ नये. तिच्यात 4 टक्क्यांहून अधिक नत्र असते, तेव्हा तिची जागा शेतातच आहे.

कुत्र्याबाबत एवढेच सांगतो, की खतवाले ही पेंड पुष्कळदा हाडांच्या चुऱ्यात मिसळून विकतात आणि त्या वासाने कुत्रे कुंडी उकरते. लक्षणे काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात, म्हणून खाल्ल्याचे दिसताच, कुत्रे हिंडते-फिरते असले तरी, पशुवैद्य गाठावा. ज्या घरात कुत्रे आहे तिथे निंबोळी पेंड वापरावी.

प्रश्न : घाण्यावरची जवस पेंड शेळ्यांना कोमट पाण्यात भिजवून, रात्रभर झाकून देतो. पद्धत बरोबर आहे का?
— एक शेळीपालक, इंदापूर तालुका

उत्तर : या पेंडीसाठी याहून वाईट पद्धत सुचवता येणार नाही. जवसात सायनाइड बांधलेल्या स्वरूपात असते आणि ते मोकळे करणारे विकरही (एन्झाइमही) त्याच दाण्यात असते. कोमट पाणी मिळाले की विकर कामाला लागते, आणि झाकणामुळे वायू भांड्यातच कोंडतो. एक्सपेलरच्या उष्णतेने हे विकर बरेचसे निकामी होते, पण लाकडी घाण्याची पेंड गार असते. म्हणून पाणी आधी खळखळ उकळावे, त्यात पेंड टाकावी, झाकण न ठेवता किमान दहा मिनिटे शिजू द्यावी आणि निवल्यावर लगेच खाऊ घालावी. कोरडी पेंड थोडी-थोडी इतर खुराकात मिसळून देणेही चालते. परसातल्या कोंबड्यांना ती शक्यतो देऊ नये, कारण तिच्यातील आणखी एका द्रव्यामुळे पिलांच्या शरीरात जीवनसत्त्व बी-6 चा तुटवडा होतो.

प्रश्न : करंज आणि निंबोळी पेंड स्वस्त मिळते. प्रक्रिया करून खाऊ घालता येईल का?
— एक वाचक, भोर तालुका

उत्तर : करंजातले कडू द्रव्य, करंजिन, तेलाच्या सोबतीने राहते. त्यामुळे सॉल्व्हंटने तेल पुरते काढलेल्या पेंडीत ते फारच कमी उरते आणि घाण्याच्या तेलकट पेंडीत भरपूर असते. नुसत्या पाण्याने धुवून ते जात नाही. निंबोळीच्या गराच्या पेंडीवर इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत 2.5 टक्के युरियाचे पाणी घालून, काही दिवस हवाबंद ठेवून, वाळवून देण्याची पद्धत अभ्यासली गेली आहे, आणि तिचे निष्कर्ष चांगले होते. मात्र ती गराची पेंड होती. आपल्याकडे मिळते ती सालासकट, मातीसकट दाबलेली असते. शिवाय धुणे, मुरवणे आणि वाळवणे यांची मजुरी धरली तर स्वस्ताई उरत नाही. खत म्हणून वापरावी.

प्रश्न : घरचे सोयाबीन भाजून, भरडून कोंबड्यांना आणि गाईंना देतो. ते पुरेसे भाजले गेले, हे कसे ओळखावे?
— एक शेतकरी, खेड तालुका

उत्तर : कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनाचे पचन रोखणारे द्रव्य असते. कोंबडीच्या पिलांची वाढ त्याने खुंटते. मोठ्या गाईला त्याचा विशेष त्रास होत नाही. हे द्रव्य ओलसर उष्णतेने मोडते आणि त्याच सुमारास सोयाबीनमधले युरियेज हे युरियापासून अमोनिया तयार करणारे विकरही निकामी होते, म्हणून युरियेज शिल्लक आहे की नाही, यावरून भाजणीचा अंदाज घेता येतो. भाजलेल्या सोयाबीनचे बारीक पीठ चार चमचे, युरिया एक चमचा आणि पाणी पाच चमचे एका काचेच्या बरणीत कालवून झाकण घट्ट लावावे. वीस मिनिटांनी झाकण उघडताच अमोनियाचा झणका नाकात गेला, तर भाजणी कच्ची आहे. हीच परीक्षा शेजारी कच्च्या पिठावर करून पाहावी, म्हणजे फरक कळेल. झणका आला नाही म्हणजे भाजणी उत्तम, असेही नव्हे, कारण करपलेल्या दाण्यालाही वास येत नाही आणि त्यातले लायसिन जळून गेलेले असते. दाण्याचा आतला रंग फिकट बदामी असावा. तांबूस-काळपट झाला तर आच जास्त झाली. परीक्षेतले मिश्रण जनावरांपासून दूर खड्ड्यात टाकावे, आणि कच्चे किंवा अर्धकच्चे सोयाबीन युरियायुक्त खुराकाबरोबर गाईला कधीही देऊ नये, कारण बरणीत जे झाले तेच कोठीपोटात अधिक वेगाने होते.